मागच्या चाकापाशी वाटीभर तेल

गाडीचं इंजिन ऑइल बदलावं लागतं, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. पण स्कूटरच्या मागच्या चाकापाशी आणखी एक तेल असतं. ते शेवटचं कधी बदललं, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. हे तेल घरच्या घरी कसं बदलायचं आणि मुळात का बदलायचं, याची ही स्वानुभवाची गोष्ट.

रविवारची संध्याकाळ होती. बनेश्वरहून आम्ही चौघी दोन स्कूटरवरून पुण्याला परत येत होतो. जुन्या कात्रज घाटातला बोगदा मागे पडला आणि उतार सुरू झाला. माझ्या मागे रूममेट बसलेली, गप्पा चालूच. वळण आलं म्हणून डाव्या हाताचा ब्रेक दाबला. माझी गाडी जुनी आहे, तिचा डावा ब्रेक फक्त मागच्या चाकाला लागतो. लीव्हर नेहमीसारखा घट्ट लागला, पण गाडीचा वेग काही कमी होईना. पुन्हा दाबला. तेच. मग पुढचा ब्रेक हळूहळू, जीव मुठीत धरून दाबत कशीबशी गाडी कडेला घेतली.

खाली उतरून बघितलं, तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट, चिकट ओघळ होता आणि नाकात एक विचित्र, गंधकासारखा वास. रूममेट म्हणाली, ‘पेट्रोल गळतंय का गं?’ मीही होला हो केलं. उरलेला घाट आम्ही गाडी ढकलत उतरलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी चाक काढलं आणि लगेच निदान केलं. ‘पेट्रोल नाही, गिअर ऑइल आहे. बेअरिंग झिजलं, त्यामुळे एक्सल हलायला लागला, त्याने सील खाल्लं. सगळं तेल ड्रममध्ये उतरलंय. तेल लावलेले ब्रेक शू धरतील कसे?’ मग त्यांनी विचारलं, ‘शेवटचं गिअर ऑइल कधी बदललं होतं?’

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या बिनागिअरच्या गाडीत गिअर ऑइल असतं, हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सहा बिलं आणि एक न विचारलेला प्रश्न

ही स्कूटर मूळची आईची. ती वाई तालुक्यातल्या शाळेत शिकवते. रोज याच गाडीवरून शाळेत जायची. मी पुण्यात आल्यावर गाडी माझ्याकडे आली. आई व्यवस्थित, सगळी बिलं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारी. मी तिला फोटो काढून पाठवायला सांगितले. गेल्या तीन वर्षांतली सहा बिलं होती. सहाही बिलांवर ‘इंजिन ऑइल’ होतं. ‘गिअर ऑइल’ एकावरही नव्हतं.

‘अगं, दर वेळी ऑइल बदललंय की,’ आई फोनवर म्हणाली.

‘आई, अजून एक ऑइल असतं.’

‘अजून एक?’

इथे कुणी कुणाला फसवलं, असं मला म्हणायचं नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही आणि ते तेल तिथेच राहिलं. बेअरिंग, सील, नवे ब्रेक शू आणि मजुरी मिळून माझे अर्ध्या महिन्याच्या मेसचे पैसे गेले. पण पैशांपेक्षा तो उतार जास्त लक्षात राहिला. मागे मैत्रीण बसलेली असताना गाडी थांबत नाही, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा लेख.

बिनागिअरच्या गाडीत गिअर कुठून आले?

आपण ‘गिअरलेस’ म्हणतो, त्याचा अर्थ इतकाच की गिअर आपल्याला बदलावे लागत नाहीत. आत काय चालतं, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. इंजिन फिरतं. त्याची ताकद एका रबरी पट्ट्यावरून मागे जाते. हा पट्टा डाव्या बाजूच्या लांबट कव्हरच्या आत असतो आणि तो कोरडा चालतो. तिथे तेलाचा थेंबही नको, नाहीतर पट्टा घसरतो. पट्ट्याकडून ताकद क्लचकडे आणि तिथून मागच्या चाकाजवळच्या एका छोट्या पेटीत येते. या पेटीत खरेखुरे दातेरी गिअर असतात. ते फिरण्याचा वेग कमी करतात आणि त्या बदल्यात जोर वाढवतात. म्हणूनच डबलसीट बसूनही गाडी चढावर निघते.

हे गिअर आणि त्यांची बेअरिंगं ज्यात बुडलेली असतात, ते आपलं गिअर ऑइल. किती असतं? बहुतेक स्कूटरमध्ये साधारण १०० ते १२० मिलिलीटर, म्हणजे आमटीची वाटीसुद्धा पूर्ण भरणार नाही इतकंच. इंजिन ऑइलसारखं ते पेट्रोलच्या ज्वलनाच्या संपर्कात येत नाही, म्हणून लवकर काळं पडत नाही आणि कमी वेळा बदलावं लागतं. नेमकं इथेच ते विसरलं जातं. दाते एकमेकांवर घासून धातूची बारीक भुकटी तेलात मिसळत राहते. तेलाचा दाटपणा आणि त्यातल्या रसायनांचा दम कमी होतो. झीज वाढते. मग मागून ‘घोंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो आणि आपण हेडफोन लावून गाडी चालवत असल्याने तो आपल्याला ऐकूही येत नाही. (हेडफोन काढा, हे वेगळं सांगायला नकोच.)

तुमची गाडी कुठल्या गटातली?

स्कूटर असेल तर दोन तेलं, दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे बोल्ट. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे काढायचं एक तेल आणि काढलं दुसरंच.

गिअरवाली बाइक असेल, तर बहुतेक आधुनिक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांना मिळून एकच तेल असतं. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून बाइकच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण बघायची. ही जपानी मानकं आहेत. या तेलात क्लच घसरत नाही. स्कूटरसाठी अनेकदा ‘जासो एमबी’ तेल सांगितलेलं असतं. ते जास्त गुळगुळीत असतं, कारण स्कूटरचा क्लच तेलात नसतो. मित्राच्या स्कूटरचं उरलेलं तेल बाइकमध्ये ओतायचा मोह झाला, तर एवढं आठवा. बाइकवाल्यांना शिवाय चेन असते. ती स्वच्छ करून तिला चेनचं वंगण लावणं हेही याच कामाचा भाग.

घरची कार असेल, तर मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात असतात. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलचं तेल निराळं. थारसारख्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्स्फर केस आणि पुढचं डिफरन्शियल यांची आणखी भर. पण कारच्या खाली शिरून हे काम करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचंच नाही, हा नियम. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तर ठरावीक तापमानाला मोजावं लागतं, ते काम जाणकारांकडे सोपवा.

म्हणून घरी करायला योग्य काम कोणतं, तर स्कूटरचं गिअर ऑइल. गाडी मेन स्टँडवर उभी राहते, तेल थोडं असतं आणि खाली झोपावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम

काकांनी गाडी परत देताना सांगितलं होतं, ‘नवीन बेअरिंग टाकलंय. हजारेक किलोमीटर झाले की तेल एकदा काढून बघू, चुरा येतोय का.’ मी म्हटलं, ‘मी काढू?’ ते हसले. म्हणाले, ‘काढ. पण बोल्ट आवळताना पहिलवानकी करू नको आणि अडलं तर फोन कर.’

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी मांडी ठोकून बसले, तेव्हा वॉचमनकाका दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, ‘ताई, मेकॅनिक येणारे का?’ म्हटलं, ‘आलीये ना.’

सामान: मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेल, नवे वायसर, बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, जुनं पसरट भांडं, छोटं नरसाळं किंवा मोठी सिरिंज, चिंध्या, रबरी हातमोजे आणि खाली पसरायला जुने पेपर. मी आमच्याच पुरवणीची पानं पसरली होती. संपादकांनी माफ करावं.

तेल कोणतं, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. काही कंपन्या या पेटीत इंजिन ऑइलच्याच दर्जाचं तेल सांगतात, काही ८०डब्ल्यू-९० सारखं दाट गिअर ऑइल. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, थंडीत तेल किती पातळ राहतं याचं माप. दुकानदार जे देईल ते न घेता मॅन्युअलचं पान उघडा. मॅन्युअल हरवलं असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं.

१. गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणा. कोमट तेल पातळ होऊन नीट निथळतं. मग इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात टाका, गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावा. सायलेन्सर तापलेला असतो, पोटरी जपा.

२. बोल्ट ओळखा. गिअरची पेटी मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असते. वरचा बोल्ट तेल भरायचा, तळाचा तेल काढायचा. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा आणि मार्करने खूण करा. आजूबाजूची माती फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तीच आत जाते.

३. आधी भरायचा बोल्ट सैल करा. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. समजा, खालून तेल काढून टाकलं आणि मग कळलं की वरचा बोल्ट गंजून बसलाय, तर? गाडीत तेल नाही, भरता येत नाही आणि गॅरेजपर्यंत चालवतही नेता येत नाही.

४. भांडं खाली ठेवून तळाचा बोल्ट काढा. शेवटचे आटे हाताने फिरवा. मागचं चाक हाताने सावकाश फिरवलं की उरलेलं तेलही येतं. दहा मिनिटं निथळू द्या, चहा पिऊन या.

५. निघालेलं तेल नीट बघा. त्यावर पुढे बोलू.

६. जुना वायसर काढा, नवा घाला. बोल्ट आधी तीन-चार आटे हाताने फिरवा. तो सहज बसला तरच पाना लावा. पेटी अॅल्युमिनियमची असते. बोल्ट तिरका लावला किंवा जोर काढला की आटे मेलेच, आणि आटे दुरुस्त करायचा खर्च आख्ख्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त होऊ शकतो. मॅन्युअलमध्ये आवळायचं माप दिलेलं असतं. शक्य असेल तर टॉर्क पाना कुणाकडून तरी मागून आणा.

७. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच तेल मोजून भरा. कमी नको, ‘थोडं जास्त असू दे’ तर मुळीच नको. जादा तेलाला जागा हवी असते आणि ते सीलमधून वाट काढतं. सीलच्या पलीकडे काय असतं, हे मी कात्रजच्या घाटात बघितलंय.

८. वरचा बोल्ट लावा, सगळं पुसा. टायरवर किंवा ब्रेकच्या बाजूला तेल सांडलं असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. पार्किंगमध्येच हळू एक चक्कर मारा, दोन्ही ब्रेक तपासा आणि मग रस्त्यावर जा.

माझं काम तासाभरात झालं. छाती फुगवून फोटो वगैरे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पेपरवर रुपयाएवढा डाग! काकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘जुना वायसर काढला होतास का?’ मी म्हटलं, ‘काढला की.’ मग आठवलं, वायसर बोल्टबरोबर आलाच नव्हता. म्हटलं असेल कुठे पडला. तो पेटीलाच चिकटून होता आणि त्याच्यावर मी नवा घातला होता. पुन्हा सगळं तेल स्वच्छ भांड्यात काढलं, जुना वायसर नखाने सोडवला, तेल पुन्हा मोजून भरलं. फोटोखालच्या कौतुकाला त्या दिवशी उत्तरं दिली नाहीत.

तेल काय सांगतं?

निघालेल्या तेलाकडे बघणं, हा या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा. पैसे म्हणाल तर फार वाचत नाहीत, या कामाची मजुरी तशी थोडीच असते. पण दुसऱ्याने बदललेलं तेल आपण कधी बघत नाही.

तेल मध किंवा चहाच्या रंगाचं, थोडंसं काळपट असेल तर ठीक. बोटांवर चोळल्यावर चंदेरी झाक दिसली, तर ती दात्यांची रोजची झीज. पण टोकदार कण किंवा कपच्या लागल्या, तर आत काहीतरी तुटतंय. गाडी घेऊन थेट गॅरेज गाठा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते पुणेकरांना आठवत असेल. चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक वाटेने पाणी आत जाऊ शकतं. अशी गाडी वरून धुऊन, वाळवून भागत नाही. ती चालू करण्याआधी ही दोन्ही तेलं तपासून घ्यायला हवीत. आणि मोजून भरलेल्या तेलापेक्षा बरंच कमी तेल निघालं, तर ते कुठून तरी गळतंय. कुठून, ते शोधल्याशिवाय नवं भरून गाडी पळवू नका.

आणि ते जुनं तेल?

गटारात नाही. झाडाच्या बुंध्यात नाही. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जळकं ऑइल फासतात, तेही नको. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते येतं, आणि ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. आपलं काम सोपं आहे. नव्या तेलाची रिकामी झालेली बाटली घ्या, त्यात जुनं तेल भरा, झाकण घट्ट लावा आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. त्यांच्याकडे अशा तेलाचा ड्रम असतो. तो पुढे अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच जातो ना, हेही विचारा. तेलकट चिंध्या ओल्या कचऱ्यात टाकू नका.

सगळ्यांनीच करावं का?

नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घ्या, पावत्या ठेवा. बोल्टचे आटे आधीच खराब असतील, गाडीतून आवाज येत असेल, तेल गळत असेल, तर ते काम घरचं नव्हे. आणि हात काळे करायची हौस नसेल, तर त्यातही कमीपणा नाही.

पण पाना न उचलताही एक गोष्ट प्रत्येकाला करता येईल. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘ऑइल बदला’ एवढंच म्हणू नका. ‘गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं, या वेळी बदलायचंय का आणि काढलेलं तेल मला दाखवाल का?’ असं विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. आमच्या काकांनी तर माझ्या तेलाची बाटली उजेडात धरून बघितली, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि म्हणाले, ‘चुरा नाही. बेअरिंग बसलं नीट.’ शेरा एवढाच होता, पण तो ऐकून जे वाटलं, ते सेमिस्टरच्या निकालानेही वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात गावी गेले, तेव्हा आईची नवी स्कूटर अंगणात उभी होती. मी तिला चाकापाशी बसवून दोन्ही बोल्ट दाखवले. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं आणि बिलांच्या पिशवीतून डायरी काढली. एका पानावर तारीख आणि किलोमीटर लिहिले, खाली दोन रकाने आखले. एक इंजिन ऑइलचा. दुसऱ्यावर तिने शिक्षिकेच्या अक्षरात लिहिलं: ‘अजून एक ऑइल’.